जमिनीचा जबाबदार वापर आणि नगरविकासातील व्यावसायिक संघटना : पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील जमिनीचे काय होणार हे महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि राज्य शासन ठरवतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नकाशे काढणारे, त्यांवर सही करणारे, जमिनीचे मूल्यांकन करणारे आणि इमारती उभ्या करणारे व्यावसायिकही त्यात मोठे वाटेकरी असतात. या व्यावसायिकांच्या संघटना काय करतात, त्यांच्याकडून काय अपेक्षा धरावी आणि कुठे सावध राहावे, याविषयी गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत आणि विकास आराखड्यावरील हरकतींच्या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

व्यावसायिक संघटना म्हणजे नेमके काय? ती शासकीय असते का?

बहुतेक वेळा ती शासकीय नसते. एका व्यवसायातील किंवा परस्परांशी निगडित व्यवसायांतील लोक एकत्र येऊन ज्ञानाची देवाणघेवाण, व्यवसायाचे नीतिनियम आणि सार्वजनिक धोरणाविषयी मतप्रदर्शन यांसाठी अशी संस्था स्थापन करतात आणि ती संस्था नोंदणी अधिनियम, १८६० किंवा तत्सम कायद्याखाली नोंदवतात.

वास्तुविशारदांची गोष्ट थोडी वेगळी आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेली वास्तुकला परिषद ही वैधानिक संस्था आहे, तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही त्याच व्यवसायातील लोकांची ऐच्छिक संघटना आहे. परिषदेकडील नोंदणीशिवाय कोणालाही स्वतःला वास्तुविशारद म्हणवून घेता येत नाही. मात्र हा कायदा त्या पदनामाला संरक्षण देतो, इमारतीचे आराखडे तयार करण्याच्या कामावर इतरांना बंदी घालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

नगर नियोजकांसाठी तर अशी वैधानिक परिषदच नाही. १९५१ मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही या व्यवसायाची देशातील प्रातिनिधिक संस्था आहे आणि तिच्या सदस्यत्वाला शासकीय व खासगी क्षेत्रात मान आहे. परंतु ती नोंदणीकृत संस्था आहे, कायद्याने निर्माण केलेली नियामक यंत्रणा नव्हे. एका बंगल्याच्या नकाशावर सही करणाऱ्याची नोंदणी पाहिली जाते आणि लाखो लोकांच्या शहराचा आराखडा आखणाऱ्याला मात्र तशी वैधानिक नोंदणी लागत नाही, ही आपल्या व्यवस्थेतील मोठी उणीव आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

महापालिका आणि नगररचना संचालनालय असताना वेगळ्या संघटनांची गरज काय?

राज्याच्या नगररचना व मूल्यनिर्धारण संचालनालयाचे मुख्यालय पुण्यातच, मध्यवर्ती इमारतीत आहे, त्यामुळे शासकीय तज्ज्ञता या शहराला दुर्मीळ नाही. परंतु शासकीय अधिकारी शासनाच्या निर्णयावर जाहीर टीका करू शकत नाही. एकट्या सल्लागारालाही ते परवडत नाही, कारण पुढच्या कामासाठी त्याला त्याच कार्यालयाची पायरी चढायची असते. संघटना बोलते तेव्हा एकाच्या नावावर रोष येत नाही आणि म्हणण्यामागे अनेकांचा अनुभव असतो.

दुसरे कारण अलीकडचे आहे. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने लहान भूखंडांवरील, कमी जोखमीच्या बांधकामांसाठी परवानगीची प्रक्रिया सोपी करताना परवानाधारक व्यावसायिकाच्या प्रमाणपत्रावर अधिक भिस्त ठेवली आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अर्थात रेरा कायद्यातही तीच दिशा दिसते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि त्यातून पैसे काढण्यापूर्वी वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे आवश्यक असतात. शासनाने तपासणीचा जो भार सहीवर सोपवला आहे, त्या सहीची विश्वासार्हता राखण्याचे काम त्या त्या व्यवसायाच्या संघटनेने केले नाही, तर ते दुसरे कोणीही करू शकणार नाही.

पुण्यात अशा कोणत्या संघटना कार्यरत आहेत?

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे पुणे केंद्र, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचे पुणे स्थानिक केंद्र आणि आर्किटेक्ट्स, इंजिनिअर्स अँड सर्व्हेयर्स असोसिएशन या तांत्रिक व्यावसायिकांच्या संस्था आहेत. परवानगीच्या दैनंदिन अडचणींविषयी महापालिकेशी बोलणी करण्यात यांपैकी शेवटची संघटना विशेष सक्रिय असते. बांधकाम व्यावसायिकांची संघटना १९८२ मध्ये प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे या नावाने सुरू झाली आणि आज ती क्रेडाई या देशव्यापी महासंघाचा भाग आहे. वारसा जतनाच्या क्षेत्रात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या इंटॅकची पुणे शाखा आहे. मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही १९३४ पासूनची उद्योग संघटना असली, तरी शहराची वाहतूक आणि औद्योगिक जमीन यांविषयी तिचे म्हणणे धोरणकर्ते ऐकतात. परिसर, जनवाणी, जीवितनदी यांसारख्या स्वयंसेवी संस्था व्यावसायिक संघटना नाहीत, परंतु त्यांच्यात काम करणारे अनेक जण पेशाने वास्तुविशारद, अभियंते किंवा पर्यावरणतज्ज्ञ आहेत आणि गेल्या काही दशकांत व्यावसायिक संघटनांनी उचलायला हवे होते असे कितीतरी प्रश्न या संस्थांनीच धसास लावले आहेत.

‘जमिनीचा जबाबदार वापर’ याचा पुण्यात प्रत्यक्ष अर्थ काय होतो?

पुणे टेकड्यांच्या कुशीत आणि ओढ्यांच्या जाळ्यावर वसलेले आहे, म्हणून येथे या शब्दांचा अर्थ सर्वप्रथम उतार आणि पाणी यांच्या संदर्भात लावावा लागतो. १:५ पेक्षा अधिक उताराच्या जमिनीवर बांधकाम अनुज्ञेय नाही, हा नियम जुना आहे आणि त्यामागचे कारण साधे आहे. उतारावर पडलेले पाणी मुरण्यासाठी माती आणि झाडोरा लागतो. तेथे जोत्यासाठी उतार कापला की तेच पाणी गाळ घेऊन खालच्या वस्तीत उतरते. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांमधील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्यात आले, म्हणजे ती जमीन त्या सार्वजनिक कामासाठी राखण्यात आली, ते याच विचाराने. (२०२१ मध्ये समाविष्ट झालेली २३ गावे वेगळी आहेत. आकडा सारखा असल्यामुळे चर्चेत अनेकदा गल्लत होते.) या आरक्षणाला अंतिम रूप यायला अनेक वर्षे लागली आणि २०१५ मध्ये शासनाने जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देण्याचे ठरवले. टेकडी वाचली पाहिजे असे म्हणणारे आणि ८ टक्क्यांत आमचे काय होणार असे विचारणारे मालक, दोघांचेही म्हणणे खरे आहे. मोबदल्याचा प्रश्न लोंबकळत ठेवून आरक्षण टिकवता येत नाही, कारण मालक हताश झाला की गुंठ्या-गुंठ्याने विक्री सुरू होते आणि काही वर्षांत टेकडीवर पत्र्याच्या शेडपासून चार मजली इमारतीपर्यंत सर्व काही दिसू लागते. परवडणारा, अंमलात येईल असा मोबदला कसा असावा हे गणित मांडणे हे मूल्यांकनकार आणि नियोजक यांच्या संघटनांचे काम आहे, आणि ते अजून पुरेसे झालेले नाही.

पाण्याच्या बाबतीत आंबिल ओढ्याचे उदाहरण पुरेसे आहे. कात्रजच्या डोंगराकडून येणारा हा ओढा पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांतून मुठेला मिळतो. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात त्याचा शहराकडे येणारा प्रवाह वळवण्यात आला होता, म्हणजे या ओढ्याची ताकद पुण्याला अडीचशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तरीही त्याच्या पात्रात भिंती, रस्ते आणि बांधकामे सरकत गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या पावसात ओढ्याने काठच्या वस्त्या आणि सोसायट्यांच्या सीमाभिंती तोडून वाट काढली आणि शहर व परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. त्यातील एखादी संरक्षक भिंत आठवून पाहावी. तिचा नकाशा कोणीतरी काढला होता, पाया कोणीतरी तपासला होता आणि पाणी जायला किती मार्ग ठेवायचा हेही कोणीतरी कागदावर ठरवले होते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हाही पूररेषेच्या आत राहायला आलेल्या कुटुंबांना ती रेषा कुठून जाते हे घर घेताना कोणी सांगितले होते का, हाच प्रश्न उरला. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा, एवढी माहिती तरी प्रत्येक विक्री कार्यालयात भिंतीवर लावलेली असावी, अशी शिफारस बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना करायला काहीच हरकत नाही.

बिल्डरांची संघटना आणि नियोजकांची संघटना यांच्यावर सारखाच विश्वास ठेवावा का?

दोघांचेही म्हणणे ऐकावे, मात्र ते कोण बोलत आहे हे लक्षात ठेवून.

बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना आपल्या उद्योगाचे हित मांडतात आणि त्यात गैर काही नाही. परवानगीला विलंब झाला की व्याज वाढते आणि ते शेवटी सदनिकेच्या किमतीत येते. अधिमूल्य (अतिरिक्त बांधकामासाठी भरावा लागणारा प्रीमियम) आणि मुद्रांक शुल्क यांचा भारही ग्राहकावरच पडतो. क्रेडाईच्या पुण्यातील शाखेने बांधकाम मजुरांच्या कौशल्यवृद्धीसाठी चालवलेला ‘कुशल’ हा उपक्रम खरोखर उपयुक्त आहे. महारेराने, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाने, विकसकांना स्वयंनियामक संघटनांच्या कक्षेत आणले आहे आणि २०१८ पासून महारेराच्या सलोखा मंचात ग्राहक पंचायतीचे व विकसक संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसून तक्रारी सोडवतात. ही व्यवस्था न्यायालयीन वाटेपेक्षा पुष्कळ माणुसकीची आहे.

परंतु वाढीव एफएसआयची (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते त्या प्रमाणाची) मागणी करताना ‘परवडणारी घरे’ हे कारण पुढे केले जाते, तेव्हा नागरिकांनी थांबून विचारावे. त्या वाढीव क्षेत्रातील किती घरे खरोखर अल्प उत्पन्न गटाला जाणार, त्या भागातील जलवाहिनी, मलनिस्सारण आणि रस्ते यांची क्षमता कोणी मोजली, आणि ती मोजणी कुठे पाहायला मिळेल? उत्तर लेखी मिळाले तर चर्चा पुढे न्यावी. नियोजक आणि वास्तुविशारदांच्या संघटनांनाही हाच नियम लावावा, कारण त्यांचे अनेक सदस्य त्याच विकसकांचे सल्लागार असतात. म्हणून निवेदनावर सही करणाऱ्यांनी त्या प्रकल्पाशी आपला आर्थिक संबंध आहे किंवा नाही हे खाली नमूद करण्याची प्रथा पुण्यात रूढ व्हायला हवी. वैद्यकीय संशोधनात हे सर्रास केले जाते. जमिनीच्या बाबतीत ते तितकेच आवश्यक आहे.

विकास आराखडा तयार होत असताना या संघटनांना काही औपचारिक स्थान असते का?

मर्यादित, पण असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. कलम २८ नुसार या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि त्यांच्या जोडीला नगररचना किंवा पर्यावरण या विषयांचे विशेष ज्ञान अथवा अनुभव असलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्ती नेमता येतात. म्हणजे समितीत तज्ज्ञांचे बहुमत होईल अशी तरतूद कायद्यातच आहे, ही बाब फारशी कोणाला ठाऊक नसते.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या २००७ ते २०२७ या आराखड्याचा इतिहास या संदर्भात जाणून घेण्यासारखा आहे. १९६६ आणि १९८७ च्या आराखड्यांनंतरचा हा तिसरा आराखडा. २०१३ मध्ये प्रारूप प्रसिद्ध झाले आणि सुमारे ८७ हजार हरकती व सूचना दाखल झाल्या. नियोजन समितीत लोकप्रतिनिधी आणि तज्ज्ञ यांच्यात अनेक आरक्षणांवर मतभेद झाले व वेगवेगळ्या शिफारशी गेल्या. मार्च २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला आणि ५ जानेवारी २०१७ रोजी त्याला मंजुरी दिली. वीस वर्षांच्या आराखड्यातील दहा वर्षे मंजुरीतच गेली. या काळात ज्या मोकळ्या जागांवर शाळा, दवाखाना, क्रीडांगण व्हायचे होते, त्यांची स्थिती बदलत राहिली. कलम १२७ मुळे हा विलंब अधिकच महाग पडतो, कारण अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते.

त्या वेळी व्यावसायिक संघटनांपैकी काहींनी अभ्यासपूर्ण निवेदने दिली. पण मंजूर आराखड्यातील किती आरक्षणे दरवर्षी प्रत्यक्षात ताब्यात आली आणि किती व्यपगत होण्याच्या मार्गावर आहेत, याचा जाहीर ताळेबंद कोणतीही संघटना नियमितपणे मांडताना दिसत नाही. आमच्या मते पुण्याला सर्वांत जास्त गरज याच कामाची आहे. आराखड्याच्या वेळी गर्दी होते, पण राखण करायची असते ती त्यानंतरच्या वीस वर्षांत.

मला हरकत नोंदवायची आहे. संघटनेची मदत कशी होऊ शकते?

सर्वांत मोठी मदत नकाशा वाचण्यात होते. प्रारूप आराखड्याचा भाग नकाशा पहिल्यांदा हातात घेणाऱ्या माणसाला पिवळा, निळा, हिरवा असे रंग, सर्व्हे क्रमांकांची बारीक अक्षरे आणि आरक्षणांची संक्षिप्त चिन्हे एवढेच दिसते. अनुभवी नियोजक तोच नकाशा भूमी अभिलेख खात्याच्या गावनकाशाशेजारी ठेवतो आणि विचारतो, की गावनकाशावर सर्व्हे क्रमांकाच्या कडेने गेलेला हा ओढा नव्या नकाशावर कुठे गेला? पिवळ्या रंगाखाली ओढा नाहीसा झालेला असेल तर ती हरकतीची सर्वांत भक्कम बाजू असते, कारण ती मतावर अवलंबून नसून दोन शासकीय कागदांतील तफावतीवर उभी असते.

हरकत लिहिताना जागेचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, पेठ अथवा गाव, आराखड्यातील प्रस्ताव, जागेवरची सद्यस्थिती आणि आपल्याला नेमका कोणता बदल हवा आहे, हे स्वतंत्र परिच्छेदांत लिहावे. नकाशाच्या त्या भागाची प्रत खुणा करून आणि तारखेसह छायाचित्रे जोडावीत. जमीन स्वतःची असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका जोडावी. अर्ज सूचनेत दिलेल्या मुदतीतच द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एकाच छापील मजकुरावर शेकडो सह्या घेण्याचा मोह होतो, परंतु सुनावणीत अशा अर्जांना एकत्रच निकाली काढले जाते. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतील दहा घरांनी आपापल्या शब्दांत लिहिलेले दहा अर्ज अधिक परिणामकारक ठरतात. सुनावणीला मिळणारी मिनिटे थोडी असतात, म्हणून म्हणणे एका पानात बसवून ते पान समितीपुढे ठेवावे.

नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालील फेरबदलांकडेही लक्ष ठेवावे. मंजूर आराखड्यात एखाद्या भूखंडापुरता बदल करायचा असेल तर सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी एक महिन्याची मुदत असते. ही सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि निसटते. तांत्रिक संघटनांच्या कार्यालयांत त्यांची नोंद ठेवलेली असते; ती नागरिकांसाठी खुली करावी अशी मागणी आपण त्यांच्याकडे करू शकता.

आमची शेतजमीन शहराच्या हद्दीत आली आहे. या संघटनांचा शेतकऱ्याला काय उपयोग?

पुण्यात याचे ठोस उदाहरण हडपसरला आहे. मगरपट्टा येथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन तुकड्यांत विकण्याऐवजी एकत्र केली, स्वतः विकसक कंपनीचे भागधारक झाले आणि २००० च्या सुमारास नगराची उभारणी सुरू केली. त्यात पुढाकार घेणारे सतीश मगर पुढे क्रेडाईचे राष्ट्रीय अध्यक्षही झाले. हे जसेच्या तसे सगळीकडे साधेल असे नाही. तेथे भाऊबंदकी बाजूला ठेवणारे नेतृत्व होते आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्राच्या वाढीचा काळ अनुकूल होता.

अधिक व्यापक मार्ग नगररचना योजनेचा आहे. मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ पासून तो आपल्याकडे उपलब्ध आहे. शिवाजीनगर आणि एरंडवणे भागातील पत्त्यांमध्ये आजही ‘फायनल प्लॉट क्रमांक’ लिहिलेला दिसतो, तो अशाच योजनांचा ठसा आहे. मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, उद्याने व सार्वजनिक सोयी काढल्या जातात आणि उरलेली जमीन सुबक अंतिम भूखंडांच्या रूपाने त्यांनाच परत मिळते. त्या भागांतील सरळ गल्ल्या आणि झाडांची सावली पाहिली, की या पद्धतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण परिसरात ही पद्धत पुन्हा हाती घेतली आहे. परत मिळणारा भूखंड कुठे, किती आणि कोणत्या मूल्यांकनावर, हा शेतकऱ्याचा खरा प्रश्न असतो आणि त्याला स्वतंत्र मूल्यांकनकाराचा सल्ला लागतो. हा सल्ला गावपातळीवर शुल्काशिवाय मिळावा यासाठी संघटनांनी शिबिरे घेतली, तर एजंटांच्या हाती जाणाऱ्या कितीतरी जमिनी वाचतील. सल्ला मिळेपर्यंत कोणत्याही कुलमुखत्यारपत्रावर सही करू नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

एखाद्या वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने चुकीचे प्रमाणपत्र दिले तर तक्रार कुठे करावी?

वास्तुविशारदाविरुद्ध गैरवर्तनाची लेखी तक्रार वास्तुकला परिषदेकडे करता येते. १९८९ च्या व्यावसायिक आचरण विनियमांनुसार चौकशी होते आणि दोष सिद्ध झाल्यास नोंदणी निलंबित होऊ शकते किंवा नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते. महापालिकेचा परवाना असलेले अभियंते, संरचना अभियंते आणि पर्यवेक्षक यांच्याबाबत महापालिकेकडे दाद मागावी. प्रकल्प रेरा नोंदणीकृत असेल तर महारेराचा मार्ग आहेच. ऐच्छिक संघटना फार तर सदस्यत्व काढून घेऊ शकते, परंतु तक्रारीची एक प्रत तिलाही पाठवावी. आपल्या सदस्यांविरुद्ध किती तक्रारी येतात हे तिला कळले पाहिजे आणि तिने त्यांचे काय केले हे तुम्हाला विचारता आले पाहिजे.

परदेशात अशा संघटना अधिक प्रभावी असतात का? त्यांच्याकडून काय घेण्यासारखे आहे?

काही फार जुन्या आहेत. ब्रिटनमधील रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्सची मुळे १८६८ पर्यंत जातात, रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट १९१४ ची आहे आणि अमेरिकेतील अर्बन लँड इन्स्टिट्यूट १९३६ मध्ये स्थापन झाली. या शेवटच्या संस्थेचे एक वैशिष्ट्य आपल्याला थेट उपयोगी आहे. तिचे सदस्य विकसक, नियोजक, वित्तपुरवठादार, शासकीय अधिकारी असे सर्व प्रकारचे असतात आणि १९४७ पासून ती सल्लागार पथकांची पद्धत चालवते. एखाद्या शहराने प्रश्न मांडला की बाहेरगावचे, त्या प्रश्नात हितसंबंध नसलेले तज्ज्ञ काही दिवस तेथे राहतात, अधिकारी व रहिवासी यांना भेटतात आणि आपल्या शिफारशी जाहीरपणे मांडतात.

पुण्यात मुळा-मुठा नदीकाठ विकसनाच्या ४४ किलोमीटर लांबीच्या प्रकल्पावर किंवा वेताळ टेकडीतून प्रस्तावित असलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्यावर अभियंते, वास्तुविशारद आणि पर्यावरणतज्ज्ञ यांच्यात तीव्र मतभेद आहेत. अशा वेळी नागपूर, कोल्हापूर, नाशिक येथील व्यावसायिकांचे एखादे पथक बोलावून त्यांचा अहवाल मराठीतून जाहीर केला, तर चर्चा आरोप-प्रत्यारोपांच्या पुढे जाईल. परदेशी पद्धत उचलताना तिथल्या इमारतींचे आकार आणू नयेत, ही तपासणीची शिस्त आणावी.

संघटनेच्या शिफारशी महापालिकेवर बंधनकारक असतात का?

नाहीत. परंतु शिफारस लेखी दिली, तिची पोच घेतली आणि ती कागदोपत्री राहिली, तर पुढे न्यायालयात किंवा माहितीच्या अधिकारात ‘धोक्याची सूचना दिली गेली होती’ हे सिद्ध करता येते. तोंडी दिलेल्या सल्ल्याचा असा उपयोग होत नाही.

सदस्य कोणाला होता येते? विद्यार्थ्यांना प्रवेश असतो का?

प्रत्येक संघटनेचे नियम वेगळे आहेत. नगर नियोजकांच्या संस्थेत मान्यताप्राप्त पदवी किंवा संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सहयोगी सदस्यत्व मिळते आणि अनुभवानंतर अधिछात्र (फेलो) होता येते. बहुतेक संस्थांमध्ये विद्यार्थी सदस्यत्वाची सोय आहे. सीओईपीमध्ये नगर नियोजनाचे आणि भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालयात भूदृश्य वास्तुकलेचे शिक्षण उपलब्ध असल्याने पुण्यातील विद्यार्थ्यांनी ही संधी जरूर घ्यावी.

चांगली संघटना कशी ओळखावी?

तिने गेल्या काही वर्षांत आपल्याच सदस्यांना न आवडणारी भूमिका घेतली आहे का, हे पाहावे. आमच्या दृष्टीने हाच खरा कस आहे. तिची निवेदने संकेतस्थळावर पूर्ण स्वरूपात मिळतात का, ती मराठीतही असतात का, परिसंवादाचा खर्च कोणी उचलला हे सांगितले जाते का, व्यासपीठावर वस्तीतील रहिवासी आणि बांधकाम मजूर यांना कधी बोलावले जाते का, हेही तपासावे. पंचतारांकित हॉटेलात होणाऱ्या पुरस्कार सोहळ्यांची संख्या हा निकष धरू नये. याउलट, एखाद्या संघटनेच्या छोट्याशा खोलीत चार अभियंते संध्याकाळी बसून नव्या नियमावलीतील एखाद्या तरतुदीमुळे दहा फुटी गल्लीत अग्निशमन बंब कसा वळेल याचे रेखाटन करत असतील, तर त्या कामाची बातमी होत नाही, पण शहर त्याच कामावर सुरक्षित राहते.

सदनिका घेताना विकसक संघटनेचा सदस्य आहे हे पाहणे पुरेसे आहे का?

मुळीच नाही. सदस्यत्व ही चांगली खूण आहे, हमी नव्हे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे आणि प्रलंबित दावे पाहावेत. महापालिकेकडून झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठरवली आहे हे सांगणारा) घ्यावा, पूररेषेसंबंधी पाटबंधारे खात्याची माहिती मागावी, जागेला एकदा भर पावसात भेट द्यावी आणि ताबा घेण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्राची प्रत स्वतः वाचावी.

संघटनांच्या सभा आणि व्याख्याने यांना सदस्य नसलेल्यांना जाता येते का?

बहुतेक जाहीर व्याख्यानांना येता येते. दरवर्षी ८ नोव्हेंबरला जागतिक नगर नियोजन दिन साजरा होतो आणि त्या सुमारास होणारे कार्यक्रम नागरिकांसाठी सोयीचे असतात. जाताना आपल्या भागाचा विकास आराखड्यातील भाग नकाशा सोबत न्यावा आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी सर्व्हे क्रमांकासह नेमका प्रश्न विचारावा. कार्यक्रम संपल्यावर वक्त्यांकडे नकाशा उघडून पाच मिनिटे मागितली, तर आमच्या अनुभवात नाही म्हणणारे फार थोडे भेटतात.